पाळण्यावरची पाटी

आम्ही बिल्डिंगच्या बायका सहलीला गेलो की येताना डबे रिकामे आणि किस्से भरलेले! मग भांडी घासताना एकेक आठवतो आणि मी एकटीच हसते. हे बदलापूरजवळच्या गाव-म्युझियममधले. तिथे उघड्या माळावर जुन्या गावातली घरं उभी केलीत, चुलीपासून गोठ्यापर्यंत सगळं.

माझा चिनू आठ महिन्यांचा. दात येत होते, चार दिवस धड झोपला नव्हता. माझ्या डोक्यात नाही नाही ते विचार! बसमध्ये कोणी गाल ओढायला आली की मी लगेच, "हात लावू नका हं!"

शेवटी आमची उल्हासनगरची कांचनभाभी म्हणाली, "अरे, इसको काच की पेटी में रख दे. म्युझियम ही तो जा रहे हैं!"

*

पहिल्याच घरात गाईड म्हणाला, "हा पूर्वीच्या काळचा पाटा-वरवंटा."

सोबत आलेल्या माझ्या सासूबाई तिथल्याच चामटोली गावच्या. त्या म्हणाल्या, "पूर्वीच्या कसला? माझ्या जावेनं गावी आज सकाळीच वाटण वाटलं असेल!"

*

कांचनभाभीला पितळी हंडा आवडला. "भैया, कितने का?"

"मॅडम, हा विकायचा नाही."

"अच्छा... और दो लूँ तो?"

*

ओटीवर जातं होतं. जो येतो तो नुसतंच फिरवून फोटो काढतो. सासूबाईंना बघवेना. "रिकामं जातं फिरवू नये गो!" म्हणत त्यांनी माझ्या पिशवीतले भाजलेले चणे आत टाकले आणि बसल्या दळत!

वॉचमनकाका धावत आले. "आजी, हे फक्त बघायचं असतं!"

"बघून पीठ पडतं का?"

काकांनी तिथे पाटीच आणून लावली, 'हात लावू नये'. पीठ मात्र चाखलं. चांगलं झालं होतं म्हणे.

*

पुढच्या खोलीत लाकडी पाळणा. एक मुलगी तो रिकामाच हलवत रील काढत होती.

"थांब! रिकामा पाळणा हलवला की पोराचं पोट दुखतं!" सासूबाई ओरडल्या. ती पळाली. मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी चिनूला माझ्या खांद्यावरून उचलून पाळण्यात घातलं.

"आई, ती गोधडी धुतलेली तरी आहे का?"

"तुझा नवरा हिच्याहून मळक्या गोधडीत वाढला."

चार झोके दिले आणि चिनू गाढ! इतका गाढ की मी दोनदा नाकाखाली बोट धरून बघितलं.

तेवढ्यात वॉचमनकाका दारात! मी हातच जोडले. "काका, चार दिवसांनी झोपलाय हो. उठवू नका."

ते पाळण्यात वाकले. "किती महिन्यांचा?"

"आठ."

ते तडक बाहेर निघून गेले. आता साहेबांना आणणार म्हणून मी पिशवी आवरायला घेतली. बाहेरून शाळेच्या सहलीचा कालवा जवळ येत होता.

काका परत आले ते जात्यावरची पाटी घेऊन. ती त्यांनी पाळण्याच्या दोरीला अडकवली आणि तोंडावर बोट ठेवून पोरांची लाईन आत सोडली.

एक मुलगी चवड्यांवर उभी राहून पाळण्यात डोकावली. "काका, हे किती जुनं आहे?"

"आठ महिने," काका कुजबुजले. "पुढे चला, पुढे चला!"