अर्धे पॉइंट एका रेडरला

हरणाऱ्या टीमकडे किस्से फार जमतात. जिंकणाऱ्यांचं बरं असतं. कप कपाटात ठेवला, फोटो भिंतीवर लावला, की झालं. आमच्याकडे ना कप, ना फोटो. त्यामुळे आम्ही टीमवाले कुणाच्या हळदीत भेटलो की सुरू! एक जण सांगायला लागतो, दुसरा मध्येच तोडतो, "थांब, तसं नव्हतं ते," आणि शेवटची पंगत उठली तरी आमचं चालूच.

मी मोहन. भिवंडीत माझं मेडिकल स्टोअर आहे. दुकानात बँडेज आणि स्प्रे असतो, एवढ्या लायकीवर मी कबड्डी टीमचा मॅनेजर झालो. मालक आमचे आप्पा, वडपे गावचे. हायवेकडची त्यांची शेतं गोडाऊनला गेली, हातात पैसा आला आणि आप्पांनी जीव लावला तो कबड्डीला. कोच म्हणजे सर, शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेले. आणि चढाई करणारा, म्हणजे रेडर, मिलिंद. खरं बोलायचं तर टीम म्हणजे मिलिंदच. बाकीचे जर्सी भरायला!

* * *

क्रिकेटमध्ये खेळाडूंचे लिलाव सुरू झाले आणि आमच्याकडच्या कबड्डी लीगलाही तेच वारं लागलं. कमिटीने नियम काढला. प्रत्येक मालकाला शंभर पॉइंट. त्यातच बारा खेळाडू घ्यायचे. खेळाडूचं मानधन त्याच्या पॉइंटांवर ठरणार. पॉइंट संपले की खरेदी संपली, मालक कितीही मोठा असो.

पहिल्या लिलावात मिलिंदचं नाव पुकारलं आणि आप्पांनी हात वर केला. कशेळीच्या टीमच्या शेठनीही केला. त्यांची गोडाऊनं आप्पांपेक्षा जास्त. वीस झाले, तीस झाले. आप्पांचा हात वरच. सर शेजारून दंड खेचतायत, "आप्पा, हात खाली घ्या!"

"मिलिंद येईपतूर हात खाली येनार न्हाय!"

पन्नासला हातोडा पडला. मिलिंद आमचा! टाळ्या, शिट्ट्या. मग उरलेल्या पन्नासात अकरा माणसं घ्यायची वेळ आली तेव्हा आप्पांचा चेहरा उतरला. चांगला कॉर्नर, म्हणजे कोपऱ्यातला पकडीचा माणूस, दिसला की बोली परवडेना. आप्पा तावातावाने कमिटीच्या टेबलाशी गेले.

"पैसा देतो ना वरून! रोख देतो!"

सेक्रेटरी म्हणाला, "आप्पा, तुमचा पैसा इथे चालत नाही."

आप्पा परत येऊन माझ्या बाजूला बसले. हळूच म्हणाले, "मोहन, जिंदगीभर पैसा नव्हता म्हनून अडलो. आता हाय, तरी अडलो!"

* * *

उरलेल्या पॉइंटांत आम्हाला मिळालेला माणूस म्हणजे अन्वर. कापडाच्या लूमवर काम करायचा. दिवसपाळी संपवून थेट मैदानात. आठ तास लूमच्या खडखडाटात राहिल्यावर त्याला पुढचे दोन तास धड ऐकूच यायचं नाही. सर बाहेरून घसा फोडून ओरडतायत, "अन्वर, मागे! मागे!" आणि अन्वर पुढे!

पहिल्याच मॅचला त्याच्यामुळे दोन पॉइंट गेले. ब्रेकमध्ये सर त्याला बदलायलाच निघाले. अन्वर सरांसमोर उभा राहिला आणि शेजारच्या खेळाडूचा हात पकडून दाखवला.

"सर, इसको बोलो, दबाए। एक बार दबाया तो पीछे, दो बार दबाया तो पकड़। मुझे आवाज़ नहीं चाहिए, हाथ चाहिए।"

त्यानंतर आमची बचावाची साखळी बघण्यासारखी झाली. तरी आम्ही हरायचो ते हरायचोच. पकडी करून मॅच किती जिंकणार? पॉइंट आणायचे मिलिंदने एकट्याने. आणि मिलिंदचा गुडघा गेला.

* * *

गेला तो वज्रेश्वरीच्या मैदानात. चढाई करून परत येताना वळला, आणि वळलेलं अंग एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला. आवाज मला बाहेर ऐकू आला. मिलिंद स्वतःच उठला, मध्यरेषा ओलांडली आणि मगच खाली बसला. पॉइंट मिळाला!

डॉक्टरांनी तपासलं. लिगामेंट. "हे वर्ष आराम करा. नाहीतर पुढे जिना चढतानाही रडाल."

मिलिंदने मान डोलावली आणि पुढच्याच आठवड्यात जर्सी घालून हजर. म्हणाला, "मी नसलो तर पन्नास पॉइंट बाकावर बसणार, मोहनदादा. टीमने खायचं काय?"

आता दुखरा गुडघा समोरच्यांना कळला की ते त्याच पायावर तुटून पडणार. तर या पठ्ठ्याने काय करावं? बँडेज बांधलं ते धडधाकट डाव्या पायाला! समोरचे सगळे डाव्या घोट्यावर झडप घालायचे, आणि हा तोच पाय झटकून पार! तीन मॅच हे नाटक चाललं.

आम्हाला ठाऊक, सरांना ठाऊक. फक्त आप्पांना सांगायचं राहिलं. आप्पा मैदानात आले, डाव्या पायाचं बँडेज बघितलं आणि माझी कॉलरच धरली.

"अरे, दुसरा बी गेला काय?"

* * *

सीझन संपला. आम्ही शेवटून दुसरे. शेवटची टीम लीगच्या बाहेर जायची, तिच्यापासून आम्ही जेमतेम वाचलो होतो.

आता पुढच्या वर्षाचा पेच. नियम असा, की लिलावाआधी एक जुना खेळाडू राखून ठेवता येतो, पण गेल्या वर्षीच्याच पॉइंटांना. म्हणजे मिलिंदला ठेवला तर पुन्हा पन्नास गेले, आणि गुडघा तर असा. सोडला, तर पन्नासात एक नवा रेडर आणि दोन चांगले कॉर्नर. पण सोडलेला मिलिंद लिलावात कुणाच्याही हाती लागू शकतो. आणि कुणीच घेतला नाही, तर त्याचं खेळणं तिथेच संपलं.

त्या आठवड्यात दुपारी सुजाता दुकानात आली. मिलिंदची बायको. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबली.

"दादा, ते माझ्यासमोर लंगडत नाहीत. मी स्वयंपाकघरात गेले की भिंत धरून चालतात. मला मांडणीवरच्या स्टीलच्या ताटात दिसतं सगळं. तुम्ही आप्पांना सांगा, त्यांना काढा. ते स्वतःहून निघायचे नाहीत."

मी तिला पाणी दिलं. ती गेली आणि तासाभरात मिलिंद आला. गल्ल्यावर दोन्ही हात टेकवून उभा राहिला. वजन सगळं हातांवर.

"मोहनदादा, आप्पांना सांगा, मला ठेवा. एक वर्ष. बाकी काही मागत नाही."

जाताना पायरीवरून वळला, "मी आलो होतो हे सुजाताला सांगू नका."

तीही जाताना नेमकं हेच म्हणाली होती!

* * *

नाव कळवायच्या शेवटच्या दिवशी आम्ही आप्पांच्या ओटीवर बसलो. चहा थंड झालेला.

सर म्हणाले, "आप्पा, एका माणसावर टीम उभी राहत नाही."

"आन त्याच्याबिगर बसते, त्याचं काय?"

"गुडघा सहा मॅच टिकणार नाही."

"त्यानं मला सोडला काय कधी? मोडक्या पायानं खेलला तो, माझ्यासाठी खेलला! आन मी त्याला टाकू?"

दोघांचे आवाज चढले. सर उठून चपला घालायला लागले. मी मध्ये पडावं की नाही, मला कळेना. एवढ्यात काकी, म्हणजे आप्पांच्या मालकीणबाई, आतून आल्या. थंड कप उचलता उचलता म्हणाल्या,

"सर, तो तुमचा पोरगा असता तं?"

सर थांबले. एक चप्पल पायात, एक तशीच.

"माझा असता, तर वज्रेश्वरीलाच घरी घेऊन गेलो असतो."

आप्पा कुणाकडेच न बघता उठले. "चल मोहन. मी सोता सांगतो त्याला."

मिलिंद वडप्यालाच एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर होता. ड्युटीवर होता. ट्रकमधून माल उतरत होता. आप्पा त्याच्यासमोर उभे राहिले.

"जेवलास?"

"हो आप्पा."

ट्रक मागे घेतला गेला. हमाल ओरडले. आप्पा तिथेच.

"जेवलास ना?"

मिलिंदने हातातलं पेन खिशाला लावलं. "आप्पा, काढलंत ना मला?"

आप्पांनी मान डोलावली. मिलिंदने खुर्ची आणली, आप्पांना बसवलं आणि हमालाला म्हणाला, "आप्पांसाठी पाणी आण रे."

ज्याला काढलं, तोच काढणाऱ्याला पाणी पाजत होता!

* * *

लिलावाला मिलिंद आला. येऊ नको म्हटलं होतं सगळ्यांनी. शेवटच्या रांगेत बसला.

आम्ही सुरुवातीलाच तरणा रेडर घेतला, दोन कॉर्नर घेतले. अन्वरही परत मिळाला, बाकीची जागाही भरली. मग पुकारा झाला मिलिंदचा. रेडरची बोली पाचपासून सुरू.

गेल्या वर्षी ज्याच्यासाठी खुर्च्या सरकल्या होत्या, त्याच्या नावाला एक हात वर येईना. सगळ्या तालुक्याला गुडघा कळला होता. मी मागे वळून बघितलं नाही. हिंमतच झाली नाही.

आप्पांचा हात वर गेला. आता कशेळीचे शेठ काय करतात? आमच्याकडे पाचच पॉइंट शिल्लक होते. शेठनी सहा म्हटलं असतं, तर मिलिंद गेला होता.

शेठ खुर्चीत मागे रेलले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "न्या आप्पा, न्या. भंगार आमाला नको."

आप्पा ताडकन उठले. सरांनी त्यांना दोन्ही हातांनी खाली दाबलं. हातोडा पडू दिला आणि मग सोडलं!

बाहेर मिलिंद भेटला. चेहऱ्यावर काही नाही.

"आप्पा, पन्नासाचा पाच झालो. बाकीच्या पंचेचाळिसाचं काय केलंत?"

आप्पा चाचरले. "त्यात... ते तीन नवे आले."

"म्हणजे बघा," मिलिंद म्हणाला, "न खेळता तुम्हाला तीन माणसं दिली मी."

तो हसला नाही. आम्हीही नाही.

* * *

आता शेवटचा. हा प्रत्येक हळदीत सांगितला जातो.

त्या वर्षी नवा रेडर चांगला निघाला. बचावही चांगला. पण नशीब बेकार, दोन मॅच एकेका पॉइंटाने गेल्या. शेवटची मॅच कशेळीशी. जिंकलो तर लीगमध्ये, बरोबरी झाली तरी बाहेर. मिलिंद सगळा सीझन बाकावर. सर त्याला उतरवत नव्हते, तो विचारत नव्हता.

दुपारची मॅच. माती नुसती तापलेली. शेवटचं मिनिट, पॉइंट सारखे, आणि आमचा नवा रेडर पकडला गेलेला. मैदानात आमचे तीनच उरले, तिघेही बचावाचे. चढाई आमची, शेवटची.

सरांनी टाइम-आउट घेतला. बाकाकडे आले. मिलिंदसमोर उकिडवे बसले.

"किती वाकतो?"

"वाकत नाही सर. उभ्यानेच जाईन."

सरांनी अन्वरला बाहेर बोलावलं आणि मिलिंदला आत सोडला.

सुजाता माझ्या शेजारी उभी होती. तिने पदराचं टोक मुठीत गच्च धरलं होतं. म्हणाली, "दादा, मी बघत नाही. काय होतं ते सांगा."



मिलिंदने रेषेला हात लावून नमस्कार केला आणि आत शिरला. चालत! धावणं नाहीच. ओठांवर कबड्डी, कबड्डी. समोर कशेळीचे पाच. उजव्या कोपऱ्यात भोईर. तालुक्यातला सगळ्यात जुना कॉर्नर, आणि सगळ्यात कडक. त्याच्या पकडीतून सुटलेले मोजकेच. दहा वर्षं तो आणि मिलिंद एकमेकांसमोर खेळत आलेले.

मिलिंद त्याच्याकडेच गेला. हात पुढे केला. भोईर मागे झाला. मिलिंदने पुन्हा हात लांबवला आणि त्याच क्षणी त्याचा गुडघा अडकला. माणूस मैदानाच्या मधोमध उभा, पाय हलेना. भोईर दोन हातांच्या अंतरावर. त्याने नुसतं कवेत घेतलं असतं तरी खेळ संपला होता.

का कोण जाणे, भोईर जागेवरून हलला नाही. बाकीचे चौघे त्याच्याकडे बघत राहिले.

मिलिंद वळला. पाय ओढत, दम न सोडता, एकेक पाऊल टाकत मध्यरेषा ओलांडून आला. वेळ संपल्याची लांब शिट्टी वाजली. पंचांनी दोन्ही बाजूंना बघितलं. त्यांना हात लागलेला दिसला नव्हता. पॉइंट नाही. बरोबरी. आप्पांनी डोक्याला हात लावला.

आणि तिकडे कोपऱ्यात भोईरने हात वर केला.

"पंच, मला लागला," तो म्हणाला आणि मान खाली घालून मैदानाबाहेर चालू लागला.

कशेळीचे शेठ खुर्चीवरून ओरडत होते, "कुठं लागला? कुठं लागला रे?" भोईरने मागे वळून बघितलं नाही. पंचांनी आमच्या बाजूला बोट वर केलं.

आमची पोरं नाचत सुटली. आप्पा मातीत बसून रडत होते. सुजाता केव्हाच रेषेपाशी पोचली होती, मिलिंदचा पाय मांडीवर घेऊन. मी स्प्रे घेऊन धावलो. गुडघ्यावर मारता मारता कानाशी वाकून विचारलं,

"मिलिंद, खरं सांग. हात लागला होता?"

मिलिंद भोईर गेला त्या बाजूला बघत होता.

"तो म्हणाला ना," मिलिंद म्हणाला.