मशीनला पाजलेली विहीर

आमच्या विहिरीचं होतं नव्हतं ते पाणी मी माझ्या हातानं एका मशीनला पाजलं. तेव्हा मी पन्नाशीची, दोन नातवंडांची आजी. म्हणजे वय कोवळं होतं म्हणायचीही सोय नाही.

केनवडच्या अलीकडे आमचं वावर आहे. चैतात त्याच्या धुऱ्याच्या बांधावर सरकारी गाडी आली, मागे उंच मशीन. मी बघताक्षणी ठरवलं, गावासाठी बोअर मारून राहिले. विचारायचं कशाला? हळदकुंकू घेऊन धावले, मशीनपुढे नारळ फोडला, खोबरं मजुरांना वाटलं. तेही बिचारे गप खात होते.

त्यांचा टँकर लांबून यायचा. त्यांच्या तरुण साहेबानं विचारलं, "काकू, विहिरीचं पाणी घेऊ का? मशीनला सारखं लागतं."

सून मागून म्हणाली, "आत्याबाई, इहीर तळाले गेली हाय. पाऊस येवस्तोर आपल्यालेच पुरत नाई."

"अवं येडे, हापशीत आंदी तांब्याभर पाणी ओततो, तवाच थे वर येते ना? तसंच हे!"

एवढं ज्ञान पाजळून मोटरचं बटण मीच दाबलं.

आठ दिवस मशीन पीत राहिली. आतून निघायचे लाटण्यासारखे दगडाचे गोल दांडे. साहेब त्यांच्यावर नंबर टाकून पेटीत लेकरासारखे ओळीनं निजवायचा. मी मनात म्हणे, दगड संपला की पाणीच.

नवव्या दिवशी आमची मोटर हवा ओढू लागली. मी तशीच साहेबाकडे गेले.

"किती फुटावर लागलं पाणी?"

"पाणी? काकू, आम्ही पाणी नाही शोधत. खाली कोणता दगड आहे, शिसं-जस्त आहे का, ते बघतो."

"मंग हाय का?"

"इथं तरी काही दिसत नाही."

भोकात सिमेंट भरून ते गेले. जाताना साहेब पाया पडला, मी आशीर्वादही दिला. ते सिमेंटचं टोपण अजून धुऱ्यावर आहे. विहीर आता दरसाल चैतातच तळ दाखवते, मशीन नसतानाही.

ते गेले त्या सकाळी मी सुनेच्या टोमण्याची वाट बघत ओट्यावर बसले होते. ती दोन गुंड, पाण्याच्या पितळी घागरी, घेऊन बाहेर आली. हापशी नाल्यापलीकडे, जाऊन-येऊन तासभर. एक गुंड तिनं कमरेवर घेतली, दुसरी माझ्यापुढे ठेवली.

"हे तुमची, आत्याबाई. चाला. आता रोजच जा लागते."