म्हातारीचा आल्टर

आमच्या परसात एखादा स्क्रू पडला तर तो काही सापडत नाही, पण शोधता शोधता एक किस्सा हमखास सापडतो. असे इतके साठलेत, की पत्र्याच्या डब्यात भरले तर झाकण लागायचं नाही!

मी सातवी शिकलेली. यंत्रातलं मला काडीचं कळत नाही. आमचे हे मात्र इचलकरंजीला मागाच्या कारखान्यात जॉबर. दुनियेचे बिघडलेले माग सुरू करून येतात आणि घरची फटफटी तशीच! ही फटफटी मामंजींच्या वेळची, इंग्रजी. नाव म्हातारी. या नावाचा सासूबाईंना भारी राग. "म्हातारी सुरू हुईना" असं परसातनं कोण ओरडलं, की आतनं "मी कवाची उठलोय!" असं उत्तर यायचं.

तर म्हातारीचा डायनामो जळला आणि दिवा गेला. हे येणार दिवेलागण झाल्यावर. रस्त्याला उसाच्या गाड्या, एकीलाही कंदील नाही. मी पोराला कडेवर घेऊन दारात उभी. फटफट ऐकू येईपर्यंत आत जायची नाही. शेवटी मीच हट्ट धरला, "आधी दिवा करा, मग कामावर जावा!"

यांचे मित्र दत्तूभावजी म्हणाले, "वयनी, काळजी सोडा. दुसऱ्या गाडीचा अल्टरनेटर मिळालाय. डायनामो काढून त्योच बसवू. दिवा असा पडंल की रंकाळ्यातला मासा जागा हुईल!"

एवढा मोठा शब्द आमच्या घरात कुणाला झेपतोय? दुसऱ्या दिवशी यांच्या तोंडी त्याचा 'आल्टर' झाला.

*

त्या वस्तूचं भोक म्हातारीला बसेना, म्हणून ते लेथवाल्याकडं मोठं करायला दिलं होतं. कामावर निघताना हे म्हणाले, "आल्टरचं झालं असंल, तेवढं घिऊन ये."

मला आल्टर म्हणजे एकच ठाऊक, कपडे आल्टर करणारा कोपऱ्यावरचा गजू शिंपी! मी गेले तडक. म्हटलं, "गजूदादा, यांचं आल्टरचं झालं काय?"

गजूनं मशीनवरची मान वर केली नाही. "आज न्हाय वयनी, उद्या. निस्तं काज-बटण ऱ्हायलंय!"

*

बसवायच्या दिवशी दत्तूभावजींनी समजावून सांगितलं. मधे फिरतं ते लोहचुंबक, भोवती तारांचं कडं. दोघांत सगळीकडनं सारखी फट पाहिजे. चिकटलं की घासलं. फट मोजायला जाड कागद द्या.

पोस्टकार्ड पातळ, वहीचा पुठ्ठा जाड. ह्यांनी ट्रंकेतनं आमची लग्नपत्रिका काढली. ती अशी बरोबर फिरली, की काय सांगू!

"बघ," हे म्हणाले, "आपलं लगीन कुठंतरी कामाला आलं!"

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. "दत्तू, एवढी फट ठेवली की भांडणं हुईत न्हाईत व्हय रं? मग ती पत्रिका काम झाल्यावर ह्या दोघांच्या खोलीत लाव!"

*

आता आण्णांचं सांगते. आण्णा म्हणजे यांचे दुसरे मित्र, धान्याचे व्यापारी, जैन. सूर्य बुडायच्या आत जेवणार म्हणजे जेवणार. पान्यांचा संच त्यांचा. ते उठले की पाने उठले, पाने उठले की काम उठलं!

त्यामुळं गंमत अशी, की सगळी खटपट अंधारासाठी आणि अंधारात दिवा कुणी बघितलेलाच नाही. मग एकदा भर उन्हात दत्तूभावजी आणि आण्णा म्हातारीच्या तोंडावर माझी गोधडी टाकून आत शिरले. बाहेर नुसते चार पाय.

शेजारच्या काकू भिंतीवरनं बघून म्हणाल्या, "वाफारा देतायसा व्हय गं? सर्दी कुणाला झालीया?"

*

मग हॉर्नच्या तारा जोडल्या आणि घोळ झाला. दिव्याचं बटण लावलं की काहीच नाही, हॉर्न दाबला की हॉर्न आणि दिवा दोन्ही चालू! हे म्हणाले, "चालतंय की." आणि गेले कामावर.

परत येताना कबनूरपासून घरापर्यंत यांनी हॉर्नवरचा अंगठा काढला नाही. त्यात आमच्या गल्लीत एकांचं दुःखद झालेलं. माणसं दारात बाजेवर गप्प बसलेली. हे आले कोकलत! सगळ्यांनी डोळे वटारले तसा यांनी घाबरून अंगठा सोडला. गुडुप अंधार! म्हातारी सरळ बाजेवर.

अंधारातनं आवाज आला, "पावणं, रडायला आलाय का वरात घिऊन?"

मला घरी हसू येईना. बाजेच्या जागी उसाची गाडी असती तर?

*

मग मी सांगून टाकलं, "दिवा सरळ हुईस्तोवर गाडीला हात लावायचा न्हाय!"

रविवारी पुन्हा सगळं उघडलं. पोरगं तिथंच गोणपाटावर रांगत होतं. तारा सरळ झाल्या, झाकण लागलं, हॉर्न हॉर्नसारखा वाजला. पण दिवा लुकलुकायला लागला आणि आतनं खर्र, खर्र! दोन कचके खाऊन म्हातारी बंद. कुणाला काही कळेना.

मी पोराला उचललं, तर लंगोट सुटलेला. लंगोटाची पिन नाही! गोणपाट झटकलं, तोंडात बोट घालून बघितलं. नाही. "गिळली वो! पोरानं पिन गिळली!"

पोरगं खिदळतंय, मी रडतेय. हे अनवाणी टांगा आणायला पळाले. सासूबाईंनी केळं सोललं, "चार, चार त्याला. केळ्यात गुंडाळून खाली जाईल." पोरगं तोंड उघडेना. सूर्य बुडाला. आण्णांच्या जेवणाची वेळ गेली, पण आण्णा हातात पाना धरून तिथंच उभे.

आणि दत्तूभावजी? झाकण खोलत बसलेले!

"भावजी, माझ्या पोराच्या पोटात पिन हाय आन तुमाला गाडी सुचतीया?"

"वयनी, एक मिनिट थांबा. ह्यो आवाज लोखंडाचा हाय."

त्यांनी आत बोट घातलं आणि चुंबकाला चिकटलेली, तोंड वासलेली, तेलानं माखलेली पिन ओढून काढली! मी पोराला छातीशी धरलं. भावजींनी झाकण लावलं, किक मारली. परसभर असा लख्ख उजेड पडला, की भिंतीपलीकडच्या काकूसुद्धा दिसल्या. भावजी पिन नाचवत ओरडले, "पोरानं न्हाय वयनी! पिन म्हातारीनं गिळलीती!"

दिव्याच्या झोतात समोर सासूबाई. काळजीच्या भरात पोराचं केळं त्यांनीच तोंडात घातलेलं, गाल फुगलेला.

"मी कशाला गिळू रं, मुडद्या!"