पाटाइतकी खाली

गाडी लावून सोमणसाहेब सरळ चालू लागले आहेत, असं मी कधी पाहिलं नाही. इथे आखातात, रिफाच्या मॉलसमोर असो की मनामाच्या बाजारातल्या बोळात, उतरले की ते आधी पुढच्या चाकाजवळ उकिडवे बसत आणि टायर ते मडगार्ड हे अंतर वितेने मोजत. भर ऑगस्टच्या उन्हात, इस्त्रीचा शर्ट खोचून. येणारे-जाणारे पंक्चर समजून थांबत. एका भल्या माणसाने तर आपल्या गाडीतून जॅक काढून आणला. साहेबांनी त्याचे आभार मानले आणि म्हणाले, "चाक ठीक आहे हो. गाडी उंच आहे." काल होती तेवढीच उंच गाडी आजही आहे, याची रोज खात्री करून घेणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

साहेब मूळचे पुण्याचे, सित्राच्या एका कारखान्यात मेंटेनन्सचे इंजिनिअर. मी तिथेच अकाउंट्समध्ये, आणि राहायला त्यांच्याच इमारतीत, एक मजला खाली. त्यामुळे त्यांची मतं मला दोनदा ऐकायला मिळत, एकदा ऑफिसात आणि एकदा जिन्यात. कारखान्याने जुनी पिकअप विकायला काढली तेव्हा त्यांनी इंजिन तपासलं, गिअर तपासले, चासीखाली सरपटत जाऊन गंज तपासला आणि गाडी घेतली. तीत रोज बसणार कोण, एवढंच तपासायचं राहिलं.

बसणार होत्या साहेबांच्या पत्नी, उषावहिनी. त्यांचे दोन्ही गुडघे दुखरे, आणि पिकअपची सीट त्यांच्या कमरेला लागायची. साहेबांनी दाराखाली लोखंडी पायरी बसवली. तीही उंचच आणि अरुंद. एकदा मनामाच्या बाजारात वहिनींचा पाय तिच्यावरून सटकला आणि त्या मिठाईच्या दुकानासमोर, सगळ्यांदेखत, रस्त्यावर बसल्या. लागलं फारसं नाही. पण दोन दुकानदार धावत आले, कोणी पाणी आणलं, कोणी खुर्ची, आणि वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर पाट आला. पुण्याहून हौसेने आणलेला शिसवी पाट, सणाला जेवायला बसायचा. साहेबांनी त्यावर पाय घसरू नये म्हणून रबराची जाड पट्टी चिकटवली. मग दर फेरीला सोहळा असे. साहेब उतरत, मागून पाट काढत, दारापाशी ठेवत, हात देत. वहिनी पाटावर पाय ठेवत आणि लगेच वाकून त्याच पाटाला नमस्कार करत, कारण तो जेवायचा. त्या वाकण्याने गुडघा आणखी दुखे. राज्याभिषेकाला एवढा वेळ लागला नसेल! मागच्या गाड्या हॉर्न वाजवत. हळूहळू वहिनी म्हणू लागल्या, "तुम्ही जाऊन या. मला काही नकोय बाजारातून." मग इथल्या मराठी मंडळाला येईनाशा झाल्या. मग समुद्रावर फिरायलाही. डॉक्टर सांगत होते चाला, आणि चालायच्या जागी पोचायला आधी चढावं लागत होतं.

"साधी कार घ्या ना," मी म्हणालो.

"कार घेणं हा उपाय नव्हे, पळवाट आहे," साहेब म्हणाले. "मंडळाची पातेली कोण नेणार? तुझा बाप?" मंडळाच्या गणपतीचं मखर, सतरंज्या, पंगतीची भांडी, सगळं वर्षानुवर्षं त्यांच्याच गाडीतून जाई. "गाडी खाली घ्यायची. पण आधी तत्त्व ठरवू. एकदा तत्त्व ठरलं की नट आपोआप फिरतो."

तत्त्व ठरेना. त्यासाठी दर शुक्रवारी मजीदभाईंच्या गॅरेजात बैठक बसे. मजीदभाई श्रीवर्धनचे, बाप्या मोठा दिलदार आणि तेवढाच उतावळा. जगातल्या कुठल्याही दुखण्यावर त्यांच्याकडे एकच औषध होतं.

"साहेब, स्प्रिंग कापून टाकू. यल्ला, तुमची चाय संपेपर्यंत गाडी खाली. खलास!"

"आणि स्प्रिंग जागेवर राहील कशी? नाडी कापलेल्या पायजम्यासारखं होईल ते."

"मफी मुश्किल, काही अडचण नाही! वेल्डिंग मारू."

वेल्डिंग हे नाव काढलं की साहेब चहा तसाच ठेवून उठत. मग पुढच्या शुक्रवारी नवा विचार. पुढे आखूड स्प्रिंगा घालाव्यात आणि मागच्या कमानपाट्यांतला एक पाटा काढावा? की मागचा आस पाट्यांच्या वर घ्यावा? त्याने गाडी फारच बसेल. हवेचे फुगे बसवून बटणावर वरखाली करावी? "फुगे वाढदिवसाला असतात," साहेबांचा निकाल. एकेक उपाय पास व्हायचा, आठवड्याने नापास व्हायचा. मी विचारलं की उत्तर ठरलेलं, "अभ्यास पूर्ण झालेला नाही." इथल्या सरकारने जमिनीखालून तेल काढलं त्याला इतका अभ्यास लागला नसेल. वहिनी तोवर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत बसून पार्किंग बघत.

मला खरं तर त्यांचा राग येई. अभ्यास यांचा आणि कोंडून घ्यायचं वहिनींनी, हा कुठला न्याय? एकदा जिन्यात मी तसं बोललोही.  साहेब म्हणाले, "एकदा पडलीय ती माझ्या पायरीवरून. आता माझं चुकून चालायचं नाही."

गणपतीच्या तोंडावर तत्त्व ठरलं. साहेब सकाळीच माझ्या दारात, हातात पाट. "ही उंची तिला झेपते. म्हणजे गाडी पाटाइतकी खाली आली की पाट नको. ना कमी, ना जास्त." पुढे आखूड स्प्रिंगा, मागे एक पाटा कमी, कापाकापी नाही. मजीदभाईंनी काम केलं, पण मन मोडल्यासारखं केलं. पासिंगलाही गाडी सुटली. साहेबांनी रिकामी गाडी मोजली, स्वतः बसून मोजली, वहिनींना बसवून मोजली. सगळं तंतोतंत.

गणपतीच्या दिवशी मखर, सतरंज्या आणि पंगतीची पातेली नेहमीसारखी मागे चढली. पातेल्यांसकट मोजायला साहेब विसरले होते. मंडळाचा उत्सव रिफाच्या एका व्हिलात. त्याच्या फाटकात गतिरोधक आहे, उंटाची पाठ परवडली असा. पुढची चाकं पलीकडे गेली आणि पिकअप पोटावर बसली. असा करकरीत आवाज झाला, की आतल्या आरतीच्या टाळ्या थांबल्या. सगळं मंडळ फाटकात धावलं. अध्यक्ष, मजीदभाई, पोरंबाळं. पन्नास सल्ले एकदम सुरू झाले. मजीदभाई तर ओरडले, "बोललो होतो, कापून टाकू!" कापली असती तर गाडी आणखी खाली बसली असती, पण ते त्यांना कोण सांगणार?

साहेब उतरून सवयीने चाकाजवळ उकिडवे बसले. तेवढ्यात वहिनींच्या बाजूचं दार उघडलं. वहिनींनी आधी एक पाय जमिनीला लावला, मग दुसरा. पाट नाही, हात नाही. पदर सावरला, गर्दीकडे बघून म्हणाल्या, "बघत काय बसलाय, पातेली उतरवा. मोदक निवतील." आणि तरातरा आत गेल्या. तरातरा म्हणजे त्यांच्या मानाने.

साहेब गाडीकडे बघतच नव्हते.

पातेली उतरली तशी गाडी सुटली. अध्यक्षांनी साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. "सोमणसाहेब, मंडळाचं सामान दरवर्षी असंच जाणार. विसर्जनाच्या आत पहिल्यासारखी उंच करून घ्या. मजीदभाई आजच करतील."

"नाही," साहेब म्हणाले.

आम्ही सगळे थांबलो. आता तत्त्व येणार, मग शुक्रवार येणार. पण काहीच आलं नाही. मीच न राहवून विचारलं, "अभ्यास?"

"पूर्ण झाला."

तेव्हापासून मंडळाने भाड्याचा टेम्पो लावला आणि वहिनी प्रत्येक बैठकीला पुढच्या रांगेत दिसू लागल्या. गेल्या वर्षी साहेब रिटायर होऊन पुण्याला परतले. जाताना वहिनींनी तो पाट घासूनपुसून माझ्या बायकोला दिला. "आता हा जेवायलाच वापरा," म्हणाल्या. सणाला मी त्यावर बसतो. जेवण होऊन उठताना धोतर रबराला चिकटतं आणि सगळे हसतात. ती पट्टी मी पाण्याने, तेलाने, सुरीने काढून पाहिली, निघत नाही. सोमणसाहेबांनी ती चिकटवण्याआधी अभ्यास केला होता.