आबा दारोगांची हत्तीरजा

हत्तीखान्यात दोन गोष्टींचा ढीग रोज वाढतो. एक लीद, दुसरे किस्से. लीद उचलायला बैलगाडी येते. किस्से उचलायला कोणी येत नाही, म्हणून ते माझ्याकडे साठले.

माझी शाळा तिसरीत सुटली. का सुटली ते मास्तरांना विचारा; म्हणे पुढं जन्मभर ते खुर्ची हलवून बघूनच बसायचे! मग मी बडोद्याच्या हत्तीखान्यात चाऱ्यावर लागलो. सयाजीराव महाराजांचा अंमल, आणि आमच्यावर दारोगा आबासाहेब. आबांचे आजोबा घोडदळात, वडील घोडदळात. आबा मात्र घोडे सोडून हत्तींच्या प्रेमात पडलेले.

* * *

आबांचा एक नियम होता. म्हणायचे, "हत्ती दमला की पडत नाही रे, काम करतच राहतो. म्हणून आपण ओळखायचं."

चारा नुसता इकडून तिकडे ढकलतोय, ओळखीच्या हाकेला कान हलवत नाही, पाण्यात उभा राहूनही खेळत नाही, एवढं दिसलं की आबा त्याच्या गळ्यातली घंटा काढायचे. घंटा निघाली म्हणजे रजा सुरू! डोक्याला तेल, गुळाच्या रोट्या, तलावाकाठची सावली, आणि हुकूम कोणी सोडायचा नाही. हत्तीनं आपणहून कोणाची तरी खोडी काढली की समजायचं, बरा झाला.

एकदा आमची गुलाबकळी हत्तीण अशी रजेवर होती. राजवाड्यावरून एक कारभारी आले.

"पाहुण्यांना फिरवायचंय. हत्तीण द्या."

"ती सिक लीव्हवर आहे," आबा म्हणाले.

"हत्तीण? सिक लीव्हवर?"

"हो. फारच अडलं असेल तर पाहुण्यांना तुम्ही घ्या पाठीवर!"

कारभारी लालबुंद झाले. ते ओरडायला तोंड उघडतात तोच गुलाबकळीनं सोंड लांबवली, त्यांची पगडी उचलली आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवली. तिचे माहूत रहीमचाचा. त्यांनी झटकन सलाम ठोकला, "मुबारक हो साहब! घेऊन जा, बरी झाली!"

* * *

आबाही काही कमी नव्हते. गुलाबकळीला त्यांनी एक खूण शिकवलेली. आंघोळीच्या वेळी आबांनी डावा कान खाजवला, की समोर जो कोरड्या कपड्यांत उभा असेल त्याच्यावर सोंडभर पाणी!

माझं लग्न ठरलं. लहरीपुऱ्यातून नवा कोट शिवून आणला आणि सकाळीच तलावावर आबांच्या पाया पडायला गेलो. आबांनी डोक्यावर हात ठेवला, "सुखी राहा" म्हणाले, आणि दुसऱ्या हातानं कान खाजवला.

मेव्हण्याचा कोट घालून लग्नाला उभा राहिलो. मेव्हणा असा, की त्याच्या कोटात माझ्यासारखे दोन मावतील. बायको अजून म्हणते, "मी माळ घातली ती कोटाला. तुम्ही नंतर सापडलात!"

* * *

मग एक साल असं आलं की पाहुण्यांना खंड नाही. आज कोणी संस्थानिक, उद्या कोणी गोरा साहेब, परवा शिकार. हत्तींना पाळीपाळीनं रजा मिळायची. आबांना पाळीच नव्हती. ड्यूटी, ड्यूटी आणि ड्यूटी. कान खाजवणं तर बंदच झालं.

मी काळजीत पडलो आणि मला सुचला तो उपाय केला. आबांचे जोडे नेऊन हत्तीवरच्या अंबारीत ठेवले. आता शोधाशोध होईल, शिव्या मिळतील, मजा येईल!

आबा अनवाणीच घरी गेले. दुसऱ्या दिवशी अनवाणीच आले. जोडे कुठे म्हणून विचारलंसुद्धा नाही. शेवटी मीच चढून ते उतरवले. खोडीचा एवढा अपमान माझ्या आयुष्यात कधी झाला नव्हता!

* * *

काही दिवसांनी आबांच्या घरून काकू आल्या. फाटकातूनच सुरुवात, "काल मी भात वाढत होते, तर हे माझ्यावर ओरडले, 'धत्!' तुम्ही ते हत्तींना थांबवायला म्हणता ना? मी काय हत्तीण आहे?"

रहीमचाचा म्हणाले, "नाही भाभी. हत्तिणीला ते 'बेटा' म्हणतात."

काकूंना हसू आलं, आणि हसता हसताच त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "जेवतसुद्धा नाहीत हो. भात नुसता ताटात इकडून तिकडे ढकलत बसतात."

मी रहीमचाचांकडे बघितलं. रहीमचाचांनी माझ्याकडे बघितलं.

* * *

हा किस्सा हसायचा नाही, पण मधे आहे म्हणून सांगतो.

जंगबहादूर हत्ती मस्तीत, म्हणजे माजावर आलेला. साखळीनं बांधलेला, आणि साखळी पोचते तिथवर जमिनीवर चुन्याची रेघ. ती रेघ आबांनीच मारून घेतली होती. तेच आबा एका दुपारी विचार करत करत रेघ ओलांडून सरळ आत चालत गेले! रहीमचाचांनी मागून धोतर धरून ओढलं म्हणून वाचले. सोंड जिथं आपटली तिथं खळगा पडला.

आबा घाबरले असते तर आम्हाला बरं वाटलं असतं. ते नुसते म्हणाले, "काय झालं?" आणि पुढच्या कामाला गेले.

दसरा तोंडावर. सवारीत सगळ्या हत्तींच्या पुढं आबांना चालायचं होतं.

* * *

आमचे सलोतरी, म्हणजे जनावरांचे डॉक्टर, डाह्याभाई. अंगानं किडकिडीत, रुबाब हत्तीएवढा. त्यांच्या इन्स्पेक्शनला हत्ती रांगेत उभे करायचे. त्या खेपेला मी रांगेच्या टोकाला आबांना उभं केलं. म्हटलं, "आबा, इथं जरा सावली आहे."

डाह्याभाई तपासत तपासत आले आणि आबांसमोर थांबले. "आनुं शुं छे? काय झालंय याला?"

"चारा ढकलतो," मी म्हणालो.

"हाकेला कान हलवत नाही," रहीमचाचा म्हणाले.

"खेळतो?"

"अजिबात नाही!"

आबा कडाडले, "हा काय चावटपणा आहे?"

"आबासाहेब, नियम तुमचाच छे ने?" डाह्याभाई म्हणाले. "घंटा उतारो!"

घंटा नव्हती, म्हणून मी आबांची छडी काढून घेतली. आबांनी रिकाम्या हाताकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "अरे, माझ्याशिवाय सवारी कोण काढणार?"

"सवारी हाथी काढतात, साहब," रहीमचाचा म्हणाले. "आपण फक्त वाटेत येतो."

* * *

डाह्याभाईंनी वरती काय सांगून रजा मिळवली ते त्यांनाच ठाऊक. काकूंनी छडी तांदळाच्या कोठीत पुरली. डोक्याला तेल, गुळाच्या रोट्या, तलावाकाठी चिंचेखाली खाट. आबा झोपले ते असे झोपले की कावळे खाटेवर बसून जायचे.

एकदा मात्र गुपचूप उठून हत्तीखान्याच्या फाटकाशी आले आणि आत डोकावून म्हणाले, "जंगबहादूरला पाणी..."

"धत्!" रहीमचाचा आतून ओरडले.

आणि आबा थांबले की! वळून परत खाटेवर!

हळूहळू रोट्या संपायला लागल्या. आबा रोट्या मागायलाही लागले. गुलाबकळी आंघोळीला आली की पायरीवर येऊन बसायचे, पण नुसतेच बसायचे.

* * *

सवारी अगदी जवळ आली. आबा पुढं चालणार की दुसरा कोणी, ते डाह्याभाईंना ठरवायचं होतं. ते तलावावर आले ते दसऱ्यासाठी शिवलेला नवाकोरा कोट घालून. गुलाबकळी पाण्यात, आबा पायरीवर, मी आणि रहीमचाचा श्वास रोखून.

"ऊंघ?"

"झोप छान लागते."

"भूक?"

"घरी विचारा, पीठ संपलंय."

"मन लागे छे?"

आबा पाण्यातल्या गुलाबकळीकडे बघत राहिले. डाह्याभाईंनी मान हलवली. "आबासाहेब, तब्येत चांगली छे. पण खोडी नाही दिसली. नियम ते नियम. या वर्षी सवारीला दुसऱ्याला पाठवूया."

रहीमचाचांनी कपाळाला हात लावला. आबांनी मात्र शांतपणे मान डोलावली.

"बरोबर आहे तुमचं, डाह्याभाई. नियम ते नियम. जरा इकडे सरका, उन्हात उभे आहात. अजून थोडं. हां, तिथं."

आणि आबांनी डावा कान खाजवला.

डाह्याभाईंनी आधी डोळे पुसले, मग मिशी पिळली, मग कोटाच्या खिशातलं पाणी ओतलं. आमच्याकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "फिट छे!"