गाडीला धक्का कोणी दिला?

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पण इतका संताप क्वचितच झाला असेल. आणि प्रकरण होतं तरी कसलं? रस्त्यावरच्या एका अपघाताचं. दंड भरला की मिटणारं, असं ज्याला विचारावं तो सांगत होता.

नवं राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. उमरखेड-महागाव रस्त्यावरच्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. आमच्या हद्दीत एक परदेशी बाई राहत आणि बाळंतपणाचा लहानसा दवाखाना चालवत. लोक त्यांना सिस्टरबाई म्हणत. मराठी त्या आधी पुस्तकातून शिकल्या आणि नंतर बाळंतिणींकडून, त्यामुळे पुस्तकी 'कृपया' आणि 'का'साठीचं वऱ्हाडी 'काहून' त्यांच्या एकाच वाक्यात येत. स्वभाव तिखट. बायकोला उशिरा आणणाऱ्या नवऱ्याला अशा झापत की त्याची मान वर होत नसे. जुनी जीप स्वतः चालवत आणि पंचक्रोशीतले तांडे पालथे घालत.

एका साक्षीसाठी मी पुसदच्या कोर्टात अडकलो होतो. परत आलो तो ठाण्याचा मोहरर, म्हणजे लिखापढी सांभाळणारा जमादार, खुशीत होता.

"साहेब, तुमी नव्हते तं एक केस आली अन् निकालीबी निघाली समजा. आरोपी कबूल हाये."

मी कागद वाचले. नाल्याच्या उतारावर एका बैलगाडीला मोटारीची धडक बसली होती. गाडीचं चाक मोडलं, बैल जायबंदी झाला. फिर्यादी तांड्यावरचा बंजारा शेतकरी, आरोपी सिस्टरबाई. फिर्यादीत लिहिलं होतं, 'बाईने गाडीला धक्का दिला.' बाईंच्या बयानात होतं, 'होय, गाडीला धक्का मीच दिला. जोरात दिला. पुन्हा वेळ आली तर पुन्हा देईन.' खाली ठसठशीत सही.

"पाहा साहेब, केवढा माज!" मोहरर म्हणाला. "बैलाचा पाय गेला अन् म्हन्ते पुन्हा देईन."

खरं सांगतो, ते वाक्य वाचून माझंही टाळकं सरकलं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही हे मला ठाऊक होतं, पण ही बाई कोर्टातही हेच सांगणार यात शंका नव्हती.

ठाण्यासमोर चहाचं हॉटेल होतं. तिथला म्हातारा मालक चहा घेऊन आला आणि कप ठेवताना हळूच म्हणाला, "साहेब, एक इचारू? ठेकेदाराचा मुनीम परवा तुमच्या साऱ्या ठान्याले चहा पाजून राह्यला होता. त्यानं जनमात कोनाले चहा पाजला नाही. कायले पाजला असन?"

हा ठेकेदार म्हणजे कापसाच्या गाठी वाहून नेणारा आमच्या भागातला बडा माणूस. बैलगाडीच्या अपघातात त्याच्या मुनिमाचं काय काम? मोहररला विचारलं. तो म्हणाला, "फिर्यादी तांड्यावरचा ना साहेब. त्याले धड मराठी येत नाही. मुनीम समजून सांगे, म्या लिहे."

तेवढ्यात सिस्टरबाई आल्या. रागाने लालबुंद झाल्या होत्या.

"ठाणेदार साहेब, मी दंड भरायला तयार आहे. सगळे म्हणतात भरा, भरा. पण कृपया मला सांगा, तुमच्या देशात धक्का देणं गुन्हा काहून आहे?"

"बाई, आधी बसा," मी म्हणालो. "दंड म्हणजे शिक्षाच असते. ती तुमच्या नावावर लागेल. तुमची इथं राहण्याची परवानगी कधी संपते?"

"याच महिन्यात. वाढवायला अर्ज दिला आहे."

"मग शिक्षेची नोंद जिल्ह्याला जाईल आणि ते परवानगी नाकारू शकतील."

त्या खुर्चीत बसल्या. इतका वेळ चढलेला आवाज एकदम खाली आला. "आई गेली. घर विकलं. तिथं आता मले कोण ओळखते?"

हे त्यांना कोणीही सांगितलं नव्हतं. परदेशी आहे, तिला काय कमी, दंड भरेल आणि मोकळी होईल, एवढाच विचार सगळ्यांनी केला होता. या गोष्टीची चीड मला आजही येते. परक्या मुलखात कायदा कळत नसलेल्या माणसाला 'भरून टाका' म्हणणं हा सल्ला नव्हे, ती आपल्या गळ्यातली कटकट त्याच्या गळ्यात टाकणं असतं.

पण त्यांचा प्रश्न माझ्या डोक्यात फिरत होता. धक्का देणं गुन्हा काहून? धडक मारणाऱ्याने असं कशाला विचारावं? मी उठलो. मोडकी बैलगाडी मुद्देमाल म्हणून आवारात कडुनिंबाखाली ठेवली होती.

"बाई, धक्का कसा दिला ते दाखवा."

त्या सरळ गाडीच्या मागे गेल्या, पदर खोचावा तसा झगा आवरला, पाय रोवले, मागच्या लाकडाला खांदा लावला आणि दात आवळून रेटा दिला. चाक मोडलेलं असूनही गाडी करकरत हातभर पुढे सरकली.

"असा," त्या धापा टाकत म्हणाल्या. "गाडी नाल्यात फसली होती. बैल दमले होते. मी जीप थांबवली आणि धक्का दिला. पुन्हा फसली तर पुन्हा देईन!"

मोहररचं तोंड उघडंच राहिलं. मी बाहेर उभ्या जीपभोवती एक फेरी मारली. पुढच्या बाजूला साधा ओरखडा नव्हता. ती जीप पाहायचीही तसदी कोणी घेतली नव्हती!

मी तांड्यावर गेलो. शेतकरी बैलाच्या पायाला हळद लावत बसला होता. धड मराठी येत नाही म्हणे! हा गृहस्थ घरात बंजाऱ्यांची गोरबोली बोलत होता, माझ्याशी वऱ्हाडी आणि वाटेने आलेल्या व्यापाऱ्याशी हिंदी.

"साहेब, म्या तं पह्यल्याच दिवशी सांगतलं," तो म्हणाला. "याडीनं धक्का देला म्हनून तं गाडी निघाली. याडी जीप घेऊन गेली. मंग मांगून गाठीचा टरक आला अन् गाडीले ठोकून पयाला." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

"मग हे लिहून का नाही दिलं?"

"याडीनं धक्का देला म्हनलं अन् मुनीम म्हने, झालं, आता चूप. हा घाबरला हाये, काहीबाही बोलून राह्यला, असं जमादाराले सांगे. मले बाहीर बसवलं. कागदावर आंगठा घेतला."

ज्याची गाडी मोडली त्याला बाहेर बसवायचं आणि ज्याच्या मालकाच्या ट्रकने मोडली त्याच्या तोंडून फिर्याद लिहायची!

ठाण्यात परतताच मी ठेकेदाराच्या ट्रकचा ड्रायव्हर बोलावला. तिशीच्या आतला, तोही शेतकरी कुटुंबातलाच. त्या दिवशी मी पुसदला होतो, असं पाठ केल्यासारखं सांगत होता. मी आवाज चढवला नाही. माझा अनुभव असा की आरडाओरडा केला तर माणूस पाठ केलेलंच घट्ट धरून बसतो. मी त्याला पाणी दिलं, त्याच्या घरच्या शेतीचं विचारलं आणि बोलता बोलता म्हणालो, "बैल लय वाईट अवस्थेत आहे रे."

त्याचा चेहरा उतरला. "डावा बैल जगन ना साहेब?"

डावा की उजवा, हे मी बोललो नव्हतो. त्याच्याही ते लक्षात आलं आणि तो रडायला लागला. गाडी थांबवायची होती, पण गाठी वेळेवर पोचल्या नाहीत तर कामावरून काढीन, असं मालकाने बजावलं होतं, म्हणाला. सिस्टरबाईंचं नाव पुढे करायची शक्कल मुनिमाची. परदेशी बाई, दंड भरेल, कोणाचं काय बिघडतं?

दुसऱ्या दिवशी ठेकेदार स्वतः आला, पांढरीफेक टोपी घालून. "ठाणेदार साहेब, पोरगं चुकलं. दंडच ना शेवटी? भरून टाकू," असं हसत म्हणाला.

त्या हसण्याने मला जेवढा राग आला तेवढा मुनिमाच्या लबाडीनेही आला नव्हता. जो दंड त्याच्या लेखी पानाच्या पिचकारीसारखा होता, तोच एका बाईचं राहतं घर घेऊन जाणार होता.

सिस्टरबाईंवरचा गुन्हा मी रद्द करवला आणि तसा अहवाल हातोहात जिल्ह्याला पाठवला. त्यांना मुदतवाढ मिळाली. ड्रायव्हरचं चालान झालं, दंड मालकाने भरला, तो सरकारजमा झाला आणि बैल लंगडाच राहिला. मुनिमाविरुद्ध खोटी माहिती दिल्याचा अहवाल मी वर पाठवला. त्याचं पुढे काय झालं ते विचारू नका. मोहररला जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, "साहेब, दोघंबी धक्काच म्हने. म्या धक्काच लिहिला." आणि त्यात अक्षराचीही चूक नव्हती. पुढे नोकरीभर मी कुठल्याही कबुलीखाली सही करण्याआधी माणसाला म्हणत आलो, "जे केलंस ते करून दाखव."

माझी बदली झाली. सामान घेऊन निघालो तर एसटी त्याच नाल्यात फसली. आम्ही सगळे खाली उतरलो. मागून जीप आली. सिस्टरबाई उतरल्या, बाह्या सरसावल्या आणि बसला खांदा लावण्याआधी माझ्याकडे वळून दरडावून म्हणाल्या, "ठाणेदार साहेब, आज कृपया नीट लिहा. आधी गाडी फसली. मग मी धक्का दिला."