टीपकागदाच्या दोन पट्ट्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीला नाही. नवऱ्याला तर नाहीच, कारण कमल त्यांचीच धाकटी बहीण. देवापुढेही नाही, तिथे मी दिवा लावते, हात जोडते आणि उठते. बारा वर्षं झाली. एरवी मला गोष्ट लांबवायची सवय नाही, पण ही सांगताना मी आडवळणाने जाणार, हे मला आत्ताच दिसतंय.

आधी कामाचं बोलते. ते मला जमतं.

जळगावात डोळ्यांच्या एका दवाखान्यात मी नऊ वर्षं होते. नर्सचं शिक्षण नव्हतं, पण थेंब घालणं, पट्टी बांधणं, हत्यारं उकळणं, सगळं तिथेच शिकले. डॉक्टर भले गृहस्थ होते, कोकणातले. आमची बोली त्यांना कळत नसे. खेड्यातल्या बायका त्यांच्यापुढे मान खाली घालायच्या आणि प्रत्येक प्रश्नाला 'नाही' म्हणायच्या. साखर आहे का? नाही. गोळ्या चालू आहेत का? नाही. डोळ्यांत खुपतं का? नाही. म्हणून आमच्याकडे एक पद्धत पडून गेली होती. बाई पेशंट आली की आधी माझ्या बाकावर बसायची. मी थेंब घालता घालता विचारायचे, "अक्का, डोयामा रेती खुपस का?" की ती सांगायची, "खुपस ना बाई, रोज खुपस. पन डॉक्टरले नका सांगू." मी केसपेपरवर लिहायचे. डॉक्टर माझं अक्षर वाचायचे आणि तेच धरून चालायचे. पुन्हा विचारायचे नाहीत.

पापणीचं ऑपरेशन आमच्याकडे तेव्हा नवं होतं. वय झालं की काहींच्या वरच्या पापणीची कातडी लोंबून नजरेवर येते, ती कापायची. निव्वळ दिसण्यासाठी असं ऑपरेशन करायला डॉक्टर नाखूश असत — क्वचित करत. त्याआधी काय विचारायचं ते त्यांनी माझ्याकडून घोटून घेतलं होतं. अजून पाठ आहे. डोळे कोरडे पडतात का. सकाळी उठल्यावर खुपतात का. झोपेत पापण्या पुऱ्या मिटतात का. रक्तदाब, साखर, गळ्याला सूज. डोकेदुखीची गोळी रोज घेता का, कारण काही गोळ्यांनी रक्त पातळ होतं आणि मग पापणीत रक्त साकळतं. कोरडेपणाला 'हो' आलं की डॉक्टर टीपकागदाच्या दोन बारीक पट्ट्या कापायचे आणि खालच्या पापणीत अडकवून पाच मिनिटं घड्याळ बघायचे. पट्टी नीट भिजली नाही तर ऑपरेशन नाही. म्हणायचे, "बाई, कापलेली कातडी परत लावता येत नाही हो. डोळा आधी मिटायला हवा. चांगलं दिसायचं नंतर बघू."

आता कमल.

सासू-सासरे भडगावला शेतावर. कमल शिवणाच्या क्लासला म्हणून जळगावला आमच्याकडे आली आणि राहिली. क्लास संपला, तरी राहिली. दोन खोल्यांचं आमचं घर. मागची खोली तिची आणि तिच्या मशीनची. हात फार चांगला होता तिचा. गल्लीतल्या सगळ्या बायकांचे ब्लाउज तीच शिवायची. पण पापण्या जन्मापासून जड, मांसल. चांगली टक्क जागी असली तरी पेंगुळल्यासारखी दिसायची. चोविसावं लागलं होतं. चार ठिकाणांहून नकार आला होता, प्रत्येकाने कारण वेगळं सांगितलं होतं, आणि सगळ्यांना खरं कारण माहीत होतं.

पाचवं स्थळ धुळ्याकडचं. मंडळी बघायला आली. कमल पाटावर बसली, तर मुलाच्या आत्याने हनुवटी धरून तिचं तोंड वर केलं आणि म्हणाली, "हाई पोर जागी शे का झोपेल शे?" सगळा बायकांचा घोळका हसला. कमलही हसली. ते मला आवडलं नाही. मी चहाचे कप गोळा केले.

चार दिवसांनी मध्यस्थ निरोप घेऊन आले. मुलाला पसंत आहे, बायका अडून बसल्यात. डोळ्यांचं काही करता येत असेल तर बघा. आमच्या यांनी माझ्याकडे पाहिलं. मी लगेच म्हटलं, "आमचे डॉक्टर करतात."

इतकी घाई का केली मी? थांबा. तिथेच येते.

मला एक गोष्ट माहीत होती, घरात दुसऱ्या कुणाला माहीत नव्हती. सुट्टीच्या दिवशी दुपारी मी, माझी मुलगी आणि कमल मागच्या खोलीत ओली चटई दाराला लावून आडव्या व्हायचो. कमल झोपली की तिच्या पापण्या मिटायच्या नाहीत पूर्ण. फटीतून पांढरं दिसायचं. मुलगी पाच वर्षांची होती, आत्याच्या डोळ्यांपुढे बोट फिरवून बघायची आणि खुदखुदायची. उठली की कमल डोळे चोळत म्हणायची, "कचरा गेला वाटतं." रोज कुठला कचरा जातो? मी दिवसभर दवाखान्यात तेच तर विचारत होते बायकांना. मला कळत नव्हतं असं कसं म्हणू?

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात कमल त्याच बाकावर बसली. नणंद म्हणून नाही, पेशंट म्हणून. मी पेन घेतलं. तिनेच विचारलं, हळू आवाजात, "वहिनी, मी डोळे उघडे ठेवून झोपते, ते सांगायचं का डॉक्टरांना?"

मी म्हटलं, "गप्प बस. निम्मं गाव तसंच झोपतं. उगाच खुसपट नको काढूस, ते ऑपरेशन रद्द करतील."

आणि लिहिलं. खुपतं का — नाही. पापण्या मिटतात का — हो.

डॉक्टरांनी वाचलं. टीपकागदाच्या पट्ट्या कापल्याच नाहीत.

तिचं लग्न व्हावं म्हणून मी हे केलं, असं मी स्वतःला बरेच दिवस ऐकवलं. ऐकायला बरं वाटतं ते. खरं असं आहे की मला ती खोली हवी होती. लग्नाला सात वर्षं झाली होती माझ्या आणि त्या घरात लावून घ्यावं असं एक दार माझ्या वाट्याला नव्हतं. कामावरून यावं तर मशीनची घरघर, चिंध्या, मापं द्यायला आलेल्या बायका. कमलने मला कधी वाकडा शब्द ऐकवला नाही. भाजी निवडून ठेवायची, मुलीची वेणी घालायची. ती चांगली होती म्हणून तिला घराबाहेर काढायला मला भांडणसुद्धा करता येत नव्हतं. ते धुळ्याचं स्थळ हातचं गेलं असतं तर ती आणखी किती वर्षं राहिली असती? असा हिशेब केला मी. डोळ्यांचा नाही केला.

ऑपरेशन छान झालं. सहाव्या दिवशी टाके निघाले, पंधरा दिवस डोळ्यांभोवती काळंनिळं राहिलं, मग उतरलं. दीड महिन्याने लग्न. कमल खरोखर देखणी दिसत होती. मुलाच्या आत्याबाई मांडवात टाळी वाजवून म्हणाल्या, "आते जागी झायी पोर!" मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले.

झोपेत पापण्या आता नखाएवढ्या उघड्या राहत. सासर कपाशीच्या शेतकऱ्यांचं, अंगणात धूळ, वैशाखात भट्टीतून आल्यासारखा वारा. सासू तिला म्हणायची, "डोया उघडा ठेईसन झोपस! आमनावर पहारा देस का वं?" तिने झोपताना पदर बांधून पाहिला, तूप लावून पाहिलं. डोळे कायम लाल. जळगावला आली की मला विचारायची, मी दवाखान्यातलं मलम द्यायचे. मलम! डॉक्टरांकडे घेऊन गेले नाही. गेले असते तर केसपेपर निघाला असता.

दुसऱ्या उन्हाळ्यात उजव्या बुबुळावर जखम झाली. तिकडच्यांनी दहा दिवस घरचे उपाय केले, मग आणलं. बुबुळ पांढरं पडलं होतं. डॉक्टरांनी पुष्कळ खटपट केली. डावा डोळा वाचला. उजव्याने आता तिला उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

त्या दिवशी डॉक्टर पहिल्यांदा चिडलेले पाहिले मी. जुना केसपेपर हातात धरून कमलला म्हणाले, "अहो, तुम्हाला स्पष्ट विचारलं होतं. इथे लिहिलंय. डोळे मिटत नाहीत हे का नाही सांगितलं? मी हात लावला नसता!"

कमलने माझ्याकडे पाहिलं. एका डोळ्यावर पट्टी होती, दुसऱ्याने. मी कापसाचे बोळे करत होते. मग ती म्हणाली, "मला वाटलं, सांगण्यासारखं नाही."

मी बोळे करत राहिले.

ती गेल्यावर डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, बाई. पेशंटच खोटं बोलले तर तुम्ही काय करणार." मी मान हलवली. होकारार्थी. दिसण्यासाठीची ऑपरेशनं त्यांनी त्यानंतर बंद केली. लोक म्हणत, डॉक्टरांचा हात चुकला. घरी हेही तेच म्हणत. मी तेही ऐकून घेतलं.

आता ओळखीतल्या बायका मला विचारतात, मुलीच्या पापण्यांचं असं असं करायचंय, काय बघावं? मी डॉक्टरांची यादी सांगते, एकही प्रश्न न गाळता. लग्नाच्या घाईत करू नका, म्हणते. आणि एक माझं सांगते: उत्तरं स्वतःच्या तोंडाने डॉक्टरला सांगा, मधल्या माणसाला नाही. त्या म्हणतात, किती बारकाईने सांगता हो तुम्ही.

मागच्या खोलीत आता पलंग आहे. दार लावता येतं.

माझ्या सासूबाई गेल्यापासून कमलचं माहेर म्हणजे आमचंच घर. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला येते, चार दिवस राहते. दुपारी त्याच खोलीत झोपते, डोळ्यांवर ओला रुमाल टाकून. ब्लाउज शिवणं सुटलं; फाटकं-तुटकं हाताने शिवते. उठली की माझ्या मुलीचं काहीतरी उसवलेलं मांडीवर घेते, आणि सुई-दोरा माझ्यापुढे धरते. माझ्याकडे न बघता.

"वहिनी, ओवून द्या."

मी ओवते. गाठ मारते. सुई तिच्या हातात देते.